ब्रेक नसलेली सायकल आणि पंधरा वर्षांची मुदत

विजयदुर्गला सायकल चालवणे हे सोयीपेक्षा कसोटीचेच काम अधिक. किल्ला आणि बंदर समुद्राच्या पातळीला, आणि गाव सोडताच रस्ता गिर्येच्या सड्याकडे चढू लागतो. वर कातळ, कलमांच्या बागा आणि अंगावर येणारा खारा वारा. पुढे पडेल कॅन्टीनपर्यंत पुन्हा चढउतार. बंदराजवळ किराणा व भुसार मालाचे दुकान असलेल्या एका कुटुंबातील आठवीतली मुलगी हा चढ गेली दोन वर्षे पाय न टेकता चढते आहे. तिचे हे वेड घरात कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. परंतु शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी तिच्या आजोबांना एके दिवशी दुकानात येऊन सांगितले की, या मुलीला एकदा बालेवाडी दाखवून आणा. पाहून आल्यावर काय ते ठरवा. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तीच महत्त्वाची होती. ठरवायला फार वेळ नाही.

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, दुकान दोन दिवस धाकट्या काकांकडे सोपवले, आणि आजोबा, आई, वडील व मुलगी असे चौघे पुण्याला निघाले. विजयदुर्ग ते तरळे सुमारे ५० किलोमीटर, तिथून वैभववाडी, करूळचा घाट, गगनबावडा, कोल्हापूर आणि मग महामार्गाने पुणे. एकूण अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक. व्यापारी घराण्यांना ही दिशा नवी नाही. विजयदुर्गच्या खाडीतून गलबते आत खारेपाटणपर्यंत जात, आणि तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून कोल्हापूरच्या पेठेत पोहोचे. खारेपाटणचे जुने जिनमंदिर हे त्या व्यापाराबरोबर कोकणात उतरलेल्या श्रावकांच्या वस्तीचेच चिन्ह. घाटावर माल पाठवण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तेरा वर्षांच्या मुलीला घाटावर पाठवण्याचा नाही.

म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १५३ एकरांवर पसरले आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारले गेले; आराखडा वास्तुविशारद शशी प्रभू यांचा. त्या वेळी पुण्यापासून इतक्या दूर माळावर एवढा पैसा कशाला घालायचा, असा प्रश्न विचारणारे पुष्कळ होते. आज शहरच संकुलाच्या पलीकडे निघून गेले आहे. २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा, २०१३ साली आशियाई मैदानी स्पर्धा, २०१९ च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा इथे झाल्या. मुख्य मैदान, जलतरण तलाव, नेमबाजीची रेंज, टेनिसची मैदाने, कुस्तीचे आखाडे हे सारे एकाच आवारात आहे. आजोबांना विशेष वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. एवढ्या मोठ्या आवारात सकाळी सहाला शेकडो मुले होती आणि आवाज मात्र फारसा नव्हता. ज्याचे त्याचे काम चालले होते.

या संकुलात आलेला पाहुणा सहसा मुख्य मैदानाची गॅलरी पाहून, छायाचित्रे काढून परततो. सायकलींचा ट्रॅक, म्हणजे व्हेलोड्रोम, पाहायला फार थोडे जण वळतात. वस्तुतः पाहण्यासारखी वास्तू ती आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती एखाद्या मोठ्या परातीसारखी दिसते: मध्ये सपाट, आणि कडेने सिमेंटचा रस्ता वळणांवर आतल्या बाजूला झुकत भिंतीसारखा उभा राहिलेला. मुलगी कठड्याशी उभी राहून बराच वेळ नुसती वळणाकडे पाहत होती. वडिलांनी विचारले, “यावरून सायकल घसरत नाही का?”

उत्तर असे की, हळू चालवली तर घसरते. सरळ रस्त्यावर वेगात वळण घेताना शरीर बाहेर फेकले जाते, हे कोकणातल्या एस.टी.त बसणाऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. ट्रॅक बाहेरून उचलला की तेच बाहेर फेकणारे बळ सायकलला उतारावर दाबून धरते. वेग जितका अधिक आणि वळण जितके आखूड, तितका उतार तीव्र हवा. वळणाची त्रिज्या २० मीटर आणि वेग ताशी ५० किलोमीटर धरला, तर गणिताने उतार जवळपास ४५ अंशांचा येतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे २५० मीटरांचे लाकडी ट्रॅक वळणांवर ४२ ते ४५ अंशांनी झुकलेले असतात, ते या हिशेबाने. तिथे ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाखाली गेलात तर चाक खाली सरकू लागते. उघड्यावरचे सिमेंटचे ट्रॅक लांबीला मोठे, बहुधा ३३३ किंवा ४०० मीटरांचे असतात. त्यांची वळणे ऐसपैस, म्हणून उतारही सौम्य. सौम्य म्हणायचे ते कागदावर. कठड्याशी उभे राहून खाली पाहणाऱ्या आईला तो अजिबात सौम्य वाटला नाही.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतात. गिअर एकच, आणि तोही चाकाशी पक्का बांधलेला. साध्या सायकलवर उतारावर पाय थांबवून बसता येते. इथे चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणारच आणि पाय फिरणारच. थांबायचे तर पायांनीच उलटा जोर देत, फेऱ्या मारत, हळूहळू वेग उतरवायचा. ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो; परंतु त्यामागे तर्क आहे. इंचा-इंचाच्या अंतराने धावणाऱ्या सायकलस्वारांपैकी एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागचे सगळे त्याच्यावर कोसळतील. कोणालाच ब्रेक नाही म्हणून सगळे सुरक्षित. प्रत्येकाला ठाऊक असते की पुढचा एकदम थांबू शकत नाही.

ट्रॅकवर रंगीत रेषा आखलेल्या असतात. सर्वांत आत निळा पट्टा, तो शर्यतीत वापरायचा नसतो. त्याच्या वर काळी रेषा. ट्रॅकची लांबी मोजायची ती हिच्यावरून. तिच्याही वर लाल रेषा. शेवटच्या धावेत काळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जो पुढे असेल, त्याला तिथून कोणी हुसकावू शकत नाही. मागच्याला पुढे जायचे तर लाल रेषेच्या बाहेरून, म्हणजे लांबच्या वाटेने जावे लागते. सर्वोत्तम पुरुष स्पर्धक शेवटचे २०० मीटर १० सेकंदांहूनही कमी वेळात कापतात, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरांच्या वर. याहून थक्क करणारा आकडा तासाच्या विक्रमाचा आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी इटलीच्या फिलिप्पो गान्नाने स्वित्झर्लंडमधील ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले. घाटरस्ता बाजूला ठेवून नुसते अंतर पाहिले, तर एका तासात विजयदुर्गहून तरळे गाठून आणखी थोडे पुढे. हे ऐकल्यावर मुलीने आजोबांना विचारले, “मध्ये पाणी प्यायला थांबला असेल का?” तो थांबत नाही. तासभर एकाच आसनात, एकाच रेषेवर.

रस्ता असताना ट्रॅक कशाला, ही शंका वडिलांनी काढली ती रास्तच. महाराष्ट्रात सायकलस्पर्धांची परंपरा रस्त्यावरचीच. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत, आणि त्या किताबाची प्रतिष्ठा कधी कधी शर्यत जिंकण्याहूनही अधिक असे. परंतु रस्ता आता सरावाला राहिलेला नाही. मुंबईचे ज्येष्ठ सायकलपटू अशोक खळे यांचा २०१७ साली सायकलवर असतानाच वाहनाची धडक बसून मृत्यू झाला. आयुष्यभर रस्ता ओळखणाऱ्या माणसाची ही गत, तर तेरा वर्षांच्या मुलीला महामार्गावर सरावाला कोण सोडणार? बंद ट्रॅकवर डंपर येत नाही, गुरे आडवी येत नाहीत, आणि प्रत्येक फेरीचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येतो.

उघड्या ट्रॅकची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऊन, पाऊस आणि थंडी यांनी सिमेंट आकुंचन-प्रसरण पावते. सांध्यांत भेगा पडतात. आणि ताशी ५० किलोमीटर वेगाच्या बारीक टायरला बोटभर भेगही धोक्याची. ओल्या ट्रॅकवर सराव होत नाही, म्हणजे पावसाळ्याचे महिने व्यायामशाळेत आणि रोलरवर. वहीत इमारतीच्या किमतीसमोर घसारा लिहावा लागतो, हे दुकानदारालाही कळते. सार्वजनिक बांधकामात मात्र किंमत मोठ्या फलकावर लिहिली जाते आणि घसारा कुठेच लिहिला जात नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी छपराखालचा २५० मीटरांचा लाकडी ट्रॅक झाला, आणि देशातल्या निवडक सायकलपटूंना अखेर तिथेच जावे लागते. महाराष्ट्रातल्या मुलीसाठी म्हणजे विजयदुर्ग ते बालेवाडी हा पहिला टप्पा, आणि बालेवाडी ते दिल्ली हा दुसरा.

हे टप्पे ओलांडलेल्या मुली आहेत. विदर्भातल्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत ट्रॅक सायकलिंगमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. त्या स्पर्धा बर्मिंगहॅमच्या असल्या तरी सायकलच्या ट्रॅक शर्यती लंडनला झाल्या होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने खेलो इंडिया स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली. यांतील कोणी मोठ्या शहरात वाढलेली नाही, ही गोष्ट आजोबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

दुपारच्या जेवणाआधी आईने तो प्रश्न विचारला जो ती विजयदुर्गपासून मनात घेऊन आली होती. जेवणाचे काय? मांसाहाराशिवाय हे शरीर घडते का? आणि सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या घरातल्या मुलीने संध्याकाळचा सराव कसा करायचा?

याचे उत्तर भावनेने देऊन उपयोगाचे नाही, आकड्यांनी द्यावे लागते. सहनशक्तीच्या खेळातील खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलो वजनाच्या मुलीला म्हणजे ६० ते १०० ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, दिवसाच्या ८० ग्रॅम डाळीतून १८, आणि पोळ्या-भाकऱ्यांच्या पिठातून १५-१६. बेरीज ८० च्या आसपास येते. कंदमुळे वगळली तरी भात, भाकरी, केळी आणि खजूर यांतून शक्ती मिळते. बटाट्यावाचून काही अडत नाही. लक्ष ठेवायचे ते लोह आणि बी-१२ जीवनसत्त्वावर. वाढत्या वयाच्या शाकाहारी मुलींत ही दोन्ही कमी आढळतात, आणि घरच्यांना वाटते की मुलगी आळशी झाली. रक्ताची तपासणी वर्षातून दोनदा करावी, कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे.

सूर्यास्ताचा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि तो झाकून ठेवू नये. नोव्हेंबरात पुण्याला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. संध्याकाळचा सराव साडेसहाला संपला, तर शरीराला अन्नाची सर्वांत अधिक गरज असते नेमकी तेव्हाच. निवासी प्रशिक्षणात शे-सव्वाशे मुलांचे वेळापत्रक एका मुलीसाठी बदलत नाही. मुख्य सराव सकाळी, दुपारचा आहार भरपूर, संध्याकाळचे सत्र हलके किंवा लवकर, अशी तडजोड काही काळ चालते; स्पर्धांच्या दिवसांत चालेलच असे नाही. पर्युषणाचे दिवस पावसाळ्यात येतात, तेव्हा उघड्यावरचा ट्रॅक बहुधा ओलाच असतो, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट. तरी अठ्ठाईचा संकल्प आणि जोराचा व्यायाम एकत्र चालणार नाहीत. उपवास करायचा असेल तर प्रशिक्षकाला आधी सांगावे, त्या दिवसांत सराव थांबवावा. किती पाळायचे आणि कुठे सवलत घ्यायची हे प्रत्येक घराने स्वतः ठरवायचे आहे. मात्र ते मुलगी पाठवण्यापूर्वी ठरवावे. नंतर वसतिगृहात तिला एकटीला ठरवावे लागते, आणि ते तिच्या वयाला न्याय्य नाही.

मग हिशेब. ट्रॅकची स्पर्धात्मक सायकल कार्बनची, बहुतेक परदेशी बनावटीची, आणि तिची किंमत काही लाखांत जाते. चाके वेगळी, टायर वेगळे, बूट वेगळे. हे ऐकून वडिलांचा चेहरा उतरला. पण इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. एवढी सायकल पहिल्या वर्षी लागत नाही, पाचव्या-सहाव्या वर्षी लागते, आणि तोवर मुलगी तिथवर पोहोचली असेल तर तिच्यासाठी इतर हातही पुढे आलेले असतात. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर निवास, भोजन, शिक्षण आणि प्रशिक्षण यांचा खर्च शासन करते. खेलो इंडियाच्या योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाख रुपयांची तरतूद असते आणि त्यातले दरमहा १०,००० रुपये खेळाडूच्या हाती येतात. पुढे राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. व्यापारी घराला नोकरीचे आकर्षण नसेल. परंतु मुलीच्या नावावर काहीच उरणार नाही, ही भीती तरी त्याने कमी होते.

खर्च होतो तो वेळेचा. नेमबाज स्वप्नील कुसाळे याचे उदाहरण या संकुलाच्या आवारातच सांगण्यासारखे. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाणाऱ्या कोकणी माणसाच्या वाटेवरचाच तालुका. २००९ साली वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. सरावाची जागा हेच बालेवाडी. मधली वर्षे पंधरा. पीपीएफ खात्याची मुदतही पंधराच वर्षांची असते. फरक इतकाच की तिथे मुद्दल सुरक्षित आणि व्याज ठरलेले. इथे मुद्दलाचीही हमी नाही. शंभर मुले पंधरा वर्षे घालवतात तेव्हा एखाद्याच्या गळ्यात पदक पडते, हे आई-वडिलांना आधी सांगणारा प्रशिक्षक प्रामाणिक समजावा. ‘तुमची मुलगी नक्की ऑलिंपिकला जाणार’ असे पहिल्याच भेटीत सांगून शुल्क मागणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

आजोबांनी मात्र बेरजेची दुसरी बाजूही मांडली. पदक न मिळालेल्या नव्व्याण्णव मुलांकडे काय उरते? पहाटे उठण्याची सवय, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर येण्याची सवय, आणि स्वतःचा वेळ स्वतः मोजण्याची सवय. गल्ल्यावर बसणाऱ्याला याहून वेगळे काय लागते, असे ते म्हणाले. वडिलांना हे पटले की नाही, ते कळले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “हिची दहावी कुठे होणार?”

क्रीडा प्रबोधिनीची निवड साधारणपणे ८ ते १४ या वयोगटात शारीरिक कसोट्यांवरून होते. उंची, वजन, ३० मीटर धावणे, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन, लवचीकता आणि ८०० मीटर धावणे अशा त्या कसोट्या. सायकल किती भारी आहे हे त्यात कोणी पाहत नाही; पाय, फुप्फुसे आणि वाढीची शक्यता पाहतात. चौदा ओलांडली की मग खेळातले कौशल्य आणि आधीची पदके मागितली जातात, आणि सिंधुदुर्गातल्या सायकलपटूला ती पदके मिळवायची सोयच थोडी. आठवीतल्या मुलीपाशी म्हणून एकच हंगाम आहे. शाळेचे क्रीडाशिक्षक ‘फार वेळ नाही’ म्हणाले त्याचा अर्थ बालेवाडीत आल्यावर वडिलांना कळला.

त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. परतीच्या वाटेवर कोल्हापूरला गूळ आणि मिरचीचा माल पाहून झाल्यावर तीन गोष्टी ठरल्या. देवगडला जाऊन मुलीच्या रक्तातले लोह आणि बी-१२ तपासायचे. सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा क्रीडा कार्यालयातून निवड कसोट्यांच्या तारखा आणि अर्ज आणायचे. ते काम आजोबांनी आपल्याकडे घेतले. आणि नवी सायकल आत्ता घ्यायची नाही, परंतु जुन्या सायकलीला मागचा लाल दिवा दुसऱ्याच दिवशी बसवायचा.